चळवळीची नाडी कोणी पाहावी?

मराठी भाषेने ‘वेड’ या शब्दाला मोठ्या मायेने वागविले आहे. नाटकवेडा, गाणेवेडा, ध्येयवेडा ही विशेषणे आपण गौरवाने लावतो. वारकऱ्याला विठ्ठलाचे वेड असते, आणि ते नसेल तर त्याच्या वारीला अर्थ नाही असे आपण मानतो. १६७४ साली नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर अवघ्या सहा साथीदारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. हिशेबी माणसाच्या दृष्टीने ते वेडच होते. पण तो शब्द उच्चारताना आपली मान आदराने लवते. याच भाषेत ‘माथेफिरू’ हाही शब्द आहे. वर्तमानपत्रात तो आला की आपण बातमीचा पुढचा भाग वाचण्याचे कष्ट घेत नाही. माथेफिरूला काय हवे होते, हे कोण विचारणार? त्याचे डोके फिरले होते, एवढे कारण पुरेसे असते.

ध्येयवेडा आणि माथेफिरू यांच्यातील अंतर पुष्कळदा त्या माणसाच्या मेंदूत नसून बोलणाऱ्याच्या बाजूत असते. आपला तो ध्येयवेडा आणि परका तो माथेफिरू, हा न्याय जुनाच आहे. नवे आहे ते एवढेच की, आता या न्यायाला वैद्यकाची वस्त्रे चढली आहेत. एखाद्या चळवळीला ‘सामूहिक उन्माद’ झाला आहे, अमुक पक्षाला ‘छळभ्रम’ जडला आहे, तमुक समाज ‘न्यूनगंडाने’ पछाडला आहे, अशी निदाने व्यासपीठांवरून आणि दिवाणखान्यांतून सर्रास होऊ लागली आहेत. मनोविकारशास्त्राच्या संज्ञा रुग्णालयाच्या खोलीतून राजकारणाच्या चव्हाट्यावर नेणे कितपत योग्य, याचा विचार आम्हां भोपाळकरांना, आणि त्यातही गोविंदपुऱ्यात नांदणाऱ्या मराठी मंडळींना, टाळता येण्यासारखा नाही. याचे कारण आमच्या शहराच्या इतिहासातच आहे.

गोविंदपुऱ्याची ओळख वाचकांस थोडक्यात करून द्यावयास हवी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. नागपूरच्या सचिवालयातील बरीच मराठी कुटुंबे त्या वेळी बदलीच्या हुकमाबरोबर इकडे आली. त्याच सुमारास येथे हेवी इलेक्ट्रिकल्सचा प्रचंड कारखाना उभा राहू लागला. १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि १९७४ साली तो ‘भेल’मध्ये विलीन झाला. गोविंदपुरा, पिपलानी, बरखेडा या वसाहती त्या कारखान्याच्या आसऱ्याने वाढल्या. आखीव रस्ते, ठरलेली पाळी, दारापुढे तुळस आणि भाद्रपदात गणपती, असे हे जीवन. जुन्या भोपाळच्या गल्ल्यांपासून ते अंतराने फार दूर नाही, पण मनाने बरेच दूर आहे.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री हे अंतर जीवनमरणाचे ठरले. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील टाकीतून सुमारे ४० टन विषारी वायू बाहेर पडला आणि वाऱ्याबरोबर दाट वस्तीच्या जुन्या शहरावर पसरला. पुढे सरकारने शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग वायुग्रस्त ठरविले. भेलच्या वसाहती बऱ्याच अंशी वाचल्या. त्यात आमची काही हुशारी नव्हती. वारा तिकडे वाहत होता, एवढेच.

त्या घटनेनंतर दोनच आठवड्यांनी शहराला ‘उन्माद’ हा शब्द पहिल्यांदा चिकटला. कारखान्याच्या दुसऱ्या टाकीत उरलेले द्रव्य निकामी करण्यासाठी १६ डिसेंबरपासून कारखाना पुन्हा चालविला जाणार, असे जाहीर झाले. या मोहिमेला ‘ऑपरेशन फेथ’, म्हणजे विश्वासाची मोहीम, असे नाव देण्यात आले. हेलिकॉप्टरमधून पाण्याचे फवारे आणि कुंपणावर ओले कापड, असा बंदोबस्त होता. तरीही लाखांहून अधिक माणसे घरेदारे सोडून शहराबाहेर निघून गेली. शास्त्रज्ञ हवाला देत असताना लोकांनी पळावे, याला अनेकांनी घबराटीची लाट म्हटले. पण क्षणभर त्या माणसांच्या जागी उभे राहून पाहावे. कारखाना सुरक्षित आहे असे त्यांना पूर्वीही सांगितले गेले होते. त्या रात्री कोणता वायू सुटला आणि त्यावर उतारा काय, हे त्यांना कोणी वेळेवर सांगितले नव्हते. अशा माणसाने दुसऱ्यांदा त्याच तोंडच्या हवाल्यावर विसंबणे हे आरोग्याचे लक्षण, की चंबूगबाळे उचलून चालते होणे हे? ती मोहीम अपघाताविना पार पडली, म्हणून लोकांचे पळणे वेडेपणाचे ठरत नाही. ज्याला माहिती नाकारली गेली आहे, त्याची भीती ही त्याच्या विवेकाचीच खूण असू शकते.

पुढचा शब्द याहून घातक होता. इंग्रजी वैद्यकात नुकसानभरपाईशी जोडलेली मनोविकृती अशा अर्थाची एक जुनी संज्ञा आहे; आपण तिला ‘भरपाईचा आजार’ म्हणू. तिची वंशावळ पाहण्यासारखी आहे. १८८४ साली बिस्मार्कच्या जर्मनीत कामगारांसाठी अपघात-विम्याचा कायदा झाला. त्यानंतर काही वर्षांतच तेथील डॉक्टर म्हणू लागले की, विमा मिळतो म्हणूनच कामगारांचे दुखणे लांबते. १९६१ साली हेन्री मिलर या ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञाने अपघातग्रस्तांविषयी असाच सिद्धान्त मांडला: दाव्याचा निकाल लागला की दुखणे बरे होते. पुढे इतरांनी अशाच रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा निकाल लागूनही दुखणे न सरलेली माणसे पुष्कळ आढळली आणि हा सिद्धान्त डळमळला. तरी शब्द टिकला. १९८५ च्या भोपाळात दम लागणाऱ्या, डोळे चुरचुरणाऱ्या, रात्री दचकून उठणाऱ्या माणसांविषयी तो वापरला गेला. जी माणसे उपचारांसाठी, रेशनसाठी, न्यायासाठी मोर्चे काढीत होती, त्यांच्या मागण्यांना एका शब्दात उत्तर मिळाले: यांना आजार नाही, यांना पैशाची आस आहे, आणि आजार असलाच तर तो मनाचा आहे.

या शब्दाला उत्तर देण्याच्या कामी आमच्या गोविंदपुऱ्याकडच्या एका वस्तीचा उपयोग झाला, ही गोष्ट आमच्यापैकी फार थोड्यांस ठाऊक आहे. ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ ही १९७४ साली सुरू झालेली, समाजाभिमुख डॉक्टरांची आणि कार्यकर्त्यांची संघटना. तिच्या पथकाने मार्च १९८५ मध्ये भोपाळात पाहणी केली. कारखान्यासमोरचे जयप्रकाशनगर ही त्यांची पहिली वस्ती. दुसरी वस्ती अशी हवी होती की, जिथली गरिबी तीच, झोपड्या त्याच, चुलीचा धूर आणि विडीची सवयही तीच. वायूचा मारा मात्र कमीत कमी. त्यासाठी त्यांनी अन्नानगर निवडले. गरिबी, क्षय, धूम्रपान किंवा भरपाईचा लोभ हेच जर दुखण्याचे खरे कारण असेल, तर दोन्ही वस्त्यांत तक्रारी सारख्याच आढळावयास हव्यात. तशा त्या आढळल्या नाहीत. जयप्रकाशनगरात तक्रारी कितीतरी अधिक होत्या, आणि फुप्फुसांच्या तपासणीतही फरक दिसला. मोलमजुरी करणाऱ्या अन्नानगरच्या माणसांनी श्वास मोजून दिले, आणि शेजारच्या दुःखाला खोटे ठरविणाऱ्या शब्दाचा जोर ओसरला. विज्ञानाची रीत ही अशी असते. ते आधी तुलना करते आणि मग नाव देते. आधी नाव देऊन मग डोळे मिटून घेत नाही.

मनाचे दुखणे नव्हतेच, असे मात्र आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. ते होते, आणि विपुल होते. १९८५ च्या आरंभी लखनौच्या मनोविकारतज्ज्ञांच्या पथकाने भोपाळच्या दहा दवाखान्यांत आलेल्या ८५५ रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी १९३ जणांत, म्हणजे २२.६ टक्के लोकांत, मानसिक विकार आढळले. नैराश्य आणि चिंता हे त्यांतले प्रमुख, आणि रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे. मानसोपचारतज्ज्ञांचा अभाव इतका होता की, बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेतील तज्ज्ञांनी येऊन साध्या दवाखान्यांतील डॉक्टरांना शिक्षण दिले. दुःखाने खचलेल्या माणसाची विचारपूस कशी करावी, कोणाला औषध द्यावे आणि कोणाला केवळ धीर द्यावा, हे त्यांना शिकविण्यात आले. मनोविकारशास्त्राचा हा खरा चेहरा. तो माणसासमोर बसतो, त्याचे ऐकून घेतो आणि मग बोलतो.

पण ‘भरपाईचा आजार’ या शब्दाने या सेवेच्या वाटेतच काटे पेरले. ज्या स्त्रीचे मूल त्या रात्री गेले, तिने मनाचे दुखणे कबूल केले की तिच्या फुप्फुसांचे दुखणे काल्पनिक ठरण्याचे भय. कबूल न करावे तर रात्ररात्र झोप नाही. मनोविकार हा शब्द विरोधकाच्या हातातले शस्त्र झाला की, खऱ्या रुग्णालाही तो औषध म्हणून घेता येत नाही. चळवळींना रोगी म्हणण्यातला सर्वांत मोठा अपाय हाच आहे, असे आम्ही समजतो. त्याने चळवळीचे नुकसान होते ते होतेच, पण रुग्णाचेही होते.

भोपाळच्या या अनुभवाला जगभर पूर्वज आहेत. १८५१ साली अमेरिकेच्या दक्षिणेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने एक नवा रोग जाहीर केला. मालकाच्या मळ्यातून पळून जाण्याची गुलामाची प्रवृत्ती, हाच तो रोग. त्याने त्याला ‘ड्रापेटोमेनिया’ असे भारदस्त ग्रीक नाव दिले आणि उपायांत चाबकाचाही समावेश केला. स्वातंत्र्याची ओढ हे लक्षण आणि गुलामी हे आरोग्य, असे हे वैद्यक. आपल्या देशाच्या वाट्यालाही असले निदान आले होते. १९३० साली, म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, सी. डी. डॅली या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने मनोविश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात हिंदी क्रांतिकारक प्रवृत्तींचे मानसशास्त्र सांगणारा लेख लिहिला. लेखक फ्रॉइडच्या परंपरेत शिकलेला. हिंदी असंतोषाचे मूळ त्याने बालपणातल्या मातृसंबंधात आणि देवीच्या उपासनेत शोधले. त्याच वर्षी सोलापुरात लोक लाठ्यागोळ्यांना सामोरे जात होते, शहरावर लष्करी कायदा लादला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांनी काय मागितले होते, हे समजण्यास त्यांच्या बालपणाचे पृथक्करण करण्याची गरज नव्हती. त्यांना परक्यांचे राज्य नको होते.

सोव्हिएत रशियाने तर या विद्येला सरकारी खातेच बनविले. मेजर जनरल प्योत्र ग्रिगोरेंको यांनी स्टालिनने देशोधडीला लावलेल्या क्रिमियन तातारांची बाजू घेतली. त्यांना वेड्यांच्या इस्पितळात डांबण्यात आले. समाज सुधारण्याची अनावर इच्छा हेच तेथे विकृतीचे लक्षण मानले जाई. १९७७ साली होनोलुलू येथे जागतिक मनोविकारशास्त्र परिषदेने या प्रकाराचा निषेध केला. १९७९ साली अमेरिकन तज्ज्ञांनी ग्रिगोरेंको यांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा त्यांना मानसिक आजाराचा पुरावा आढळला नाही. हकालपट्टीची वेळ येण्याआधी, १९८३ साली, सोव्हिएत संघटना जागतिक संघटनेतून स्वतःच बाहेर पडली. लोकशाही देशही या मोहातून सुटले नाहीत. १९६४ साली अमेरिकेतील एका नियतकालिकाने अध्यक्षपदाचे उमेदवार गोल्डवॉटर यांच्या मनःस्थितीविषयी मनोविकारतज्ज्ञांचा कौल घेतला, आणि त्यांना कधी न तपासलेल्या हजाराहून अधिक डॉक्टरांनी ते त्या पदास अपात्र असल्याचे कळविले. प्रकरण न्यायालयात गेले. १९७३ साली तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला: ज्याला प्रत्यक्ष तपासले नाही, त्याचे निदान जाहीरपणे सांगू नये. एका माणसाच्या बाबतीत जर हा संयम आवश्यक, तर लाखो माणसांच्या चळवळीबाबत तो किती पटीने आवश्यक असेल!

याच इतिहासात एक उलट उदाहरणही आहे. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले अमेरिकन सैनिक स्वप्नांत किंचाळत उठत. त्यांनी आणि त्यांची कणव असलेल्या डॉक्टरांनी चळवळ केली, तेव्हा १९८० साली आघातोत्तर मनोविकाराला अधिकृत रोगसूचीत स्थान मिळाले. येथे आजाराने चळवळीला बदनाम केले नाही. चळवळीने आजाराला ओळख मिळवून दिली. भोपाळातही शाहजहानी पार्कात आठवड्याला जमणाऱ्या वायुग्रस्त स्त्रियांच्या सभांनी असेच काहीसे काम केले असावे, असे आम्हांस वाटते. अब्दुल जब्बार यांनी २०१९ साली मृत्यू येईपर्यंत त्या सभांची धुरा वाहिली. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल यांच्या संघटनेतील स्त्रिया १९८९ साली भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेल्या. घराबाहेर पाऊल न टाकलेल्या बाईला चार जणींत उभे राहून आपले दुःख बोलता यावे, हे लक्षण रोगाचे नसून रोगातून उठण्याचे आहे.

येथे चिकित्सक वाचक विचारील की, मग सर्वच चळवळी निरोगी म्हणाव्यात काय? माणसे जाळणारे, घरे लुटणारे जमाव आपण पाहिले नाहीत काय? पाहिले आहेत. डिसेंबर १९९२ मध्ये याच भोपाळने ते पाहिले. पण तेथेही रोगाचा शब्द आम्हांस नको वाटतो, आणि तो दुसऱ्या कारणासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे नात्सी पुढाऱ्यांवर खटला चालला, तेव्हा डग्लस केली या मनोविकारतज्ज्ञाने तुरुंगात त्यांची तपासणी केली. ही माणसे वेडी नाहीत, असाच त्याचा निष्कर्ष होता. जगाला तो अप्रिय वाटला, कारण ते वेडे निघते तर आपण सर्व सुटलो असतो. ते वेडे नव्हते, म्हणून ते जबाबदार होते. अत्याचाराला आजार म्हणणे म्हणजे अपराध्याला आरोपीच्या पिंजऱ्यातून उचलून रुग्णाच्या खाटेवर निजविणे होय. न्याय्य चळवळीला रोगी म्हटले की तिची मागणी बुडते. अन्याय्य चळवळीला रोगी म्हटले की तिचा गुन्हा बुडतो. दोन्हीकडे तोटा न्यायाचाच.

मानसशास्त्राने राजकारणाकडे पाहूच नये, असा आमचा आग्रह नाही. अफवा कशी पसरते, भीती कशी वाढते, चारचौघांसमोर शहाणा माणूसही डोळ्यांना दिसणारे नाकारून बहुमताच्या मागे कसा जातो, याचा अभ्यास अवश्य व्हावा. यांतील शेवटची गोष्ट सॉलोमन ॲश याने १९५० च्या सुमारास साध्या रेघांच्या प्रयोगांतून दाखविली. आणि त्याचे विद्यार्थी पूर्ण निरोगी होते. चळवळीतील एखादी व्यक्ती खरोखर आजारीही होऊ शकते. अंदमानात उल्लासकर दत्तांचे चित्त छळापुढे ढळले आणि त्यांना मद्रासच्या मनोरुग्णालयात हलवावे लागले. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मध्ये ती हकिकत आली आहे. दत्त आजारी होते. म्हणून स्वातंत्र्याची मागणी आजारी नव्हती. व्यक्तीला वैद्य लागतो. मागणीला लागतो तो पुरावा, वाद आणि निवाडा.

हा प्रश्न शिळा झालेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये कार्बाइडच्या आवारातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी पीथमपूरला नेण्यात आला. इंदूर-धारकडील आपल्या अनेक मराठी कुटुंबांच्या उंबरठ्याजवळचेच हे गाव. तेथे लोक रस्त्यावर उतरले, बंद पाळला गेला. पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली कचरा जाळण्यात आला. त्यांच्या शंकांपैकी कोणत्या खऱ्या आणि कोणत्या अवाजवी, हे धुराच्या आणि पाण्याच्या मोजमापांनी ठरावे. ‘लोकांचे डोके फिरले आहे’ या वाक्याने मात्र त्यातील एकही शंका फिटत नाही.

म्हणून आमची वाचकांस विनंती एवढीच. घरातला मुलगा वा सून एखाद्या मोर्चाला निघाली, किंवा वर्तमानपत्रात परक्या चळवळीची बातमी आली, आणि रोगाचा शब्द जिभेवर आला, तर तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हे निदान करणाऱ्याने रुग्णाला पाहिले आहे काय? हा शब्द वापरल्याने कोणाला काही उपचार मिळणार आहे, की केवळ कोणाचे बोलणे बंद होणार आहे? आणि रोगाचे नाव बाजूला ठेवले, तर मागे उरते ती मागणी खरी आहे की खोटी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली, तर शब्द गिळावा आणि तिसऱ्याकडे वळावे. त्याचे उत्तर शोधण्यास वेळ लागतो, चौकशी करावी लागते, कधी अन्नानगरपर्यंत चालत जावे लागते. वारा ज्यांच्या बाजूने वाहिला, त्यांनी एवढे कष्ट तरी घ्यावयास हवेत.